कडक भाकरीची फिर्याद

॥ श्री ॥
पाटोदा,
ता. १० ऑगस्ट १९८७

ती. स्व. केसरआक्काच्या चरणी अर्जुनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्या कन्येविरुद्ध मला फिर्याद गुदरायची आहे. माझ्या घरी न्यायासन नाही, म्हणून ती नांदूरघाटास पाठवतो. चि. सत्यभामा कॉलेजासाठी माझ्याकडे राहायला आल्यापासून या घरात मऊ भाकरी उरली नाही. ती भाकरी तव्यावर फडक्याने दाबून दाबून वाळवते आणि आठवडाभराची चळत टोपलीत रचून ठेवते. काल मी एक तुकडा मोडला तर शेजारचे वकील चष्मा फुटला का म्हणून विचारायला आले. 'कठोर' या विशेषणाला मी वर्गात वीस वर्षे उदाहरणे शोधत होतो. आता ते रोज ताटात वाढले जाते. जाब विचारला तर म्हणते, गंगव्वा अशीच करायची. तुम्ही नवराबायको विजापूरकडच्या फडात ऊस तोडत होता, तेव्हा त्या माउलीने पोरीला चार वर्षे आपल्या घरी ठेवून कन्नड शाळेत घातले. उपकार तुमच्यावर झाले आणि त्याची फेड माझे दात करत आहेत.

पावसाचे विचारू नकोस. श्रावण नावापुरता आहे. आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एका रांगेत उभी राहतात, एवढाच काय तो लाभ.

आता फिर्यादीतली दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. पहिल्या वर्षी पोरीला इथे फार जड गेले. मुली तिला 'कानडी' म्हणत. तिकडच्या शाळेत 'बीडची' म्हणत. ती चिडली की कन्नडात पुटपुटते आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून गप्प होते. पण यंदा तिने आपल्यासारखी आणखी पोरे हुडकून काढली. निम्मे बालपण तिकडच्या फडावर, पाचटाच्या कोपीत आणि निम्मे इकडच्या ओट्यावर गेलेली अशी कॉलेजात बरीच निघाली. लिंबागणेशचा मुंजाजी त्यातलाच. सातव्या वर्षी गावी परतला तेव्हा मास्तरांनी त्याला मुका ठरवले होते, इतके त्याचे मराठी आटले होते. या सगळ्यांनी मिळून 'येजा मंडळ' काढले आहे. दर गुरुवारी माझ्या संस्कृतच्या वर्गात बसतात, कारण त्या तासाला वर्ग रिकामा असतो. खरे म्हणजे इतर तासांनाही असतो. मधेच शाळा सुटलेल्या नव्या पोरांना जुनी पोरे शिकवतात, आणि ज्याला जी भाषा येईल तीत बोलतात. नियम एकच, कोणी कोणाला हसायचे नाही. मला सल्लागार केले आहे, म्हणजे हसायला एक माणूस मोकळा ठेवला आहे. परवा तुझी लेक तिथे पोट धरून हसत होती. माझ्या घरात मी तिला तसे हसताना पाहिले नव्हते.

दाजींना नमस्कार. कळावे. इकडे सगळेच आटले आहे, तुझा लोभ तेवढा पाझरता ठेवावा.
तुझा,
अर्जुन

---

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
नांदूरघाट,
ता. १२ सप्टेंबर १९८७

चि. अर्जुनास केसरआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुजे दात ल्हानपणापासूनच किडके, गूळ चोरून खायचास, अन् आता पोरीच्या भाकरीला कावून नावं ठेवतोस. आमटीत चुरून खा. प्रोफेसर झालास तरी खायला शिकला न्हाईस.

मंडळाचं वाचून लई बरं वाटलं. पोर तिकडं असली की रातीला मराठीत रडायची, गंगव्वा सांगायची. इकडं आली की कन्नडात. कुणाला समजायचंच न्हाई की काय दुखतंय. आता समजणारे भेटले, देवाची किरपा.

आता इकडचं. औंदा आमी कुठंच जाणार न्हाई. कोयता बंद हाय. तोडणीचा भाव वाढवून दिल्याबिगर कुणी बी कोयता उचलायचा न्हाई, असं समद्या टोळ्यांनी भंडारा उचलून ठरवलंय. तुजे दाजी फुडं हायेत. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या गेटावर बसलेत, आता दसऱ्याच्या तोंडाला आमी बाया बी जाणार. चेरमन म्हणतो ऊस वाळून जाईल, दुष्काळात तुमी असं करता. दाजी म्हणतात, दुष्काळ आमाला बी हाय. बाहेरून माणसं आणली न्हाईत तर त्याला आमच्याबिगर गत न्हाई. एवढं एकच भ्याव हाय बघ, बाहेरची माणसं.

दाजीला एकदा पोलिसांनी नेलतं, एक दिस ठेवून सोडलं. हे सत्यभामाला सांगू नको. गेटावर हायेत ते बी सांगू नको. तिचं परीक्षेचं साल हाय, पुस्तक सोडून पळत येईल. तू तिला जप.

तुजी माया हाय तशीच राहू दे, लांबूनच का व्हईना.
आक्का

---

॥ श्री ॥
पाटोदा,
ता. १४ ऑक्टोबर १९८७

ती. स्व. आक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आमटीत चुरून खाण्याचा प्रयोग केला. भाकरी आमटीत तशीच राहते, आमटी मात्र संपते.

इकडे मंडळाचे ग्रह उच्चीचे झाले आहेत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि तुमच्या गेटाआडचे चेअरमन हे एकच गृहस्थ, हे तुला ठाऊक आहेच. दसऱ्यानंतर ते स्वतः कॉलेजात आले. येजा मंडळाच्या पोरांना स्टेजवर बसवले, शाली घातल्या. दोन भाषा बोलणारी मुले हे जिल्ह्याचे धन आहे असे म्हणाले. मंडळाला स्वतंत्र खोली दिली, लोखंडी कपाट दिले आणि नावही बदलून 'संस्कृती सेतू' केले. मला एक श्लोक म्हणायला लावला. सेतू म्हटला की वानरे लागतातच, हे माझ्या मनात आले, पण श्लोकात बसले नाही.

त्यांनी भाषणातच सांगितले की संप मिटला, मुंबईत तडजोड झाली, भाव वाढवून दिला. म्हणजे दाजी एव्हाना घरी आले असतील. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी सत्यभामेला काही कळू दिलेले नाही, आणि आता कळवण्याचे कारणही उरले नाही.

दिवाळीच्या सुटीत मंडळाची सहल आहे. विजापूरकडे दुष्काळ आपल्यापेक्षा वाईट, तिथल्या लोकांना काम नाही. आपल्याकडची बरीच माणसे रोजगार हमीच्या खडीवर अडकल्याने कारखान्याला तोडणीला हात कमी पडतात. तेव्हा पोरांनी ओळखीच्या गावांत जावे, त्यांच्या भाषेत बोलावे आणि गरजू कुटुंबांना इकडे आणावे, अशी योजना. प्रवासाला कारखान्याचे ट्रक. सहलीला ट्रक कशाला, असे मी प्राचार्यांना विचारले. ते म्हणाले, सर, तुम्ही व्याकरण बघा.

पोरगी हरखली आहे. गंगव्वाच्या गावी जायचे म्हणून तिने टोपलीभर भाकरी करून ठेवल्या. मला म्हणाली, मामा, माझ्या कन्नडाचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होतोय. मी यावर विनोद करणार होतो, पण केला नाही.

दाजींना घरी आल्याबद्दल नमस्कार. लोभाचा हात डोक्यावर असू द्यावा.
अर्जुन

---

नांदूरघाट,
ता. ८ नोव्हेंबर १९८७

चि. अर्जुनास आशीर्वाद.

तुजं पत्र घरी दाराच्या फटीत पडून होतं. आमी गेटावर होतो. संप मिटला न्हवता अर्जुना. कुणाच्या बी घरी भाव आला न्हवता. काल गाव गाठलं तवा तुजं पत्र हाती आलं. दोन आठवडे आधी आलं असतं तर मी उठून पायी पाटोद्याला आले असते.

दिवाळी झाल्यावर चवथ्या का पाचव्या दिशी सकाळी ट्रक आले. पुढं पोलिसाची गाडी. ट्रकात बाया, पोरं, भांडी, कोंबड्या. समदी कन्नड. आपली माणसं आडवी पडली. दगड बी आले एकदोन, खोटं न्हाई सांगत. एका बाईच्या कपाळाला लागला. मी बघितलं तर ती गंगव्वाची सून. अन् तिला धरून केबिनीजवळ कोण उभं, तर आपली सत्यभामा. गळ्यात शाल, बिल्ला लावलेला.

पोर येड्यासारखी बघत होती. तिला वाटलं हुतं इथं कुणी नसलच. तिनं आधी मला बघितलं, मग तिच्या आप्पाला. ट्रकातून उडी टाकून पळत आली अन् पायाला हात लावाया वाकली. त्यांनी पाय मागं घेतले. लोकं बघत होती. आपल्या घरात त्यांनी जन्मात कन्नड शब्द काढला न्हाई, ती फडातली भाषा, म्हणायचे. त्या दिशी त्यांनी तिला कन्नडात इचारलं, "यार मगळव्वा नीनु?" तिकडं अनोळखी पोरीला इचारतात तसं. तू कुणाची लेक गं बाई, म्हणून.

पोलिसांनी लोकं हटवली, ट्रक आत गेले. सांजच्याला कारखान्याची चिमणी पेटली, धूर निघाला. दोन दिसांत आपल्यातलेच निम्मे लोक जुन्याच भावानं तोडायला गेले. संप मोडला. दाजी घरी हायेत, काल आल्यापासून माळवदावर पडून हायेत. कारखान्यानं त्यांच्या टोळीला यंदा काम न्हाई म्हणून सांगितलंय.

मी त्यांना म्हणलं, पोरीला म्हाईत न्हवतं, आपणच सांगू दिलं न्हाई. ते म्हणले, म्हाईत आसूदे न्हाईतर नसूदे, माणसं तर तिच्याच शब्दावर आली. त्याला काय उत्तर द्यावं तू शिकलेला हायेस, तूच सांग.

पोर कशी हाय ते कळव. जेवती का.
आक्का

---

॥ श्री ॥
पाटोदा,
ता. ३० नोव्हेंबर १९८७

ती. स्व. आक्का हिला शि. सा. न. वि. वि.

दाजींच्या प्रश्नाला उत्तर शास्त्रात असेल, पण ज्यांनी ते लिहिले त्यांना ऊस तोडावा लागत नव्हता. तू मला सांगू नको म्हणालीस, मी सांगितले नाही. आपण दोघांनी तिला फार छान जपले.

सहलीचा फोटो वर्तमानपत्रात आला आहे. खाली लिहिले आहे, दोन संस्कृतींचे मीलन. तो प्राचार्यांनी चौकटीत घालून मंडळाच्या नव्या खोलीत लावला. मंडळ त्या खोलीत एकदाच बसले. सगळी आली आणि खाली बघत राहिली. कोणी कोणाला हसायचे नाही हा नियम तेवढा पूर्ण पाळला गेला. मुंजाजीचे वडीलही गेटावर होते, हे त्याला त्याच दिवशी गेटावर कळले. त्याने कॉलेज सोडले, खडीच्या कामावर गेला. शाल मात्र प्राचार्यांच्या टेबलावर घडी घालून ठेवून गेला.

सत्यभामा दर रविवारी एसटीने कारखान्यावर जाते. गंगव्वाच्या गावची माणसे तिथे कोप्या घालून आहेत. त्यांना सांगितलेल्यापेक्षा कमी भाव मिळतो, पाण्याला दोन कोस जावे लागते आणि भोवतालच्या गावांत त्यांना कोणी दुकानात उभे करत नाही. परत जायला ट्रक नाही. मागच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेलो होतो. ती त्या सुनेशी कन्नडात बोलत होती, कपाळाचे विचारत होती. ती बाई ऐकून घेत होती आणि उत्तर मराठीत देत होती. मोडकेतोडके, इथे येऊन महिन्यात शिकलेले. "बरं हाय ताई. तुमी जावा ताई." एवढेच. तिकडे गावीच राहिलेल्या गंगव्वाचे नाव दोघींपैकी कोणी काढले नाही. येताना एसटीत पोरीने मला विचारले, मामा, आप्पा माझ्याशी कन्नडात बोलले आणि या माझ्याशी मराठीत बोलतात, मग मी आता कशात बोलायचे. मी सल्लागार आहे ना. मी खिडकीबाहेर बघितले.

जेवते का म्हणून विचारलेस. ताटावर बसते. कॉलेजला जाते, वेळेवर येते, माझे धोतर धुऊन वाळत घालते. रागावत नाही, रडत नाही, पुटपुटतही नाही.

दाजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावे, अर्जुन पाया पडून मागतो, एकदा इकडे या. काही बोलू नका, रागावा हवे तर. फक्त तिला नावाने हाक मारा, मराठीत.

ऑगस्टातली माझी फिर्याद मी मागे घेत आहे. पोरगी आता मऊ भाकरी करते. अगदी आपल्याकडच्यासारखी, फुगलेली. टोपली उलटी करून माळ्यावर टाकली आहे. पहिल्या दिवशी मला बरे वाटले, चार घास जास्त गेले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ती टोपली दिसली आणि मी ताटावरून उठलो.

आमच्या परसातली विहीर कोरडी पडली आहे, आणि आक्का, या वर्षी पहिल्यांदाच मला त्याचे बरे वाटते. रात्री पोरगी झोपली आहे ना, ते मी उठून बघतो. मला भीती वाटते. लवकर या.

अर्जुन