सरव्याची सरी

आप्पा,

काढणी झाल्यावर बांधावर बसून आपण भाजलेले बटाटे खाल्ले होते ती दुपार तुम्हाला आठवते का? बैल सोडले होते. तुम्ही वाळलेला पाला पेटवून त्याच्या राखेत बटाटे सारले होते. वरची साल करपलेली आणि आत पांढरा, पिठूळ गर. मीठ घरी राहिलं म्हणून आई कुरकुरत होती, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पल्टनीत बिनमिठाचं बी ग्वाड लागतंय." धाकटा तिच्या कडेवर होता. त्याने माझ्या हातातला बटाटा ओढून घेतला, तोंड पोळलं म्हणून रडला आणि रडत रडतच तो सगळा खाल्ला. त्याच्याबद्दलच सांगायला बसले आहे. श्रावणात तो गेला, आप्पा. सकाळी जनावरांचं बघून आला, ओट्यावर टेकला, चहा मागितला. भावजय चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी थोरली, मी आहे, आणि तो नाही, हे तुम्हाला कसं सांगायचं ते मला इतके दिवस कळत नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तुमच्यामागे घर त्याने धरलं, आईचं म्हातारपण त्याने काढलं. मी माधवनगरहून पाहुणीसारखी येत राहिले.

जाण्याआधी, आषाढात, त्याने घरामागच्या तुकड्यात बटाटा लावला होता. बाकी रानात ऊस, पण तो तुकडा तुमच्या वेळेपासून बटाट्याचा, घरापुरता. बियाणंही घरचंच, दरवर्षी निवडून मागे ठेवलेलं. त्या तुकड्यासाठी बैल कशाला सांभाळायचे म्हणून त्याने काही वर्षांपूर्वी तासगावच्या एका द्राक्षबागेतला जुना छोटा ट्रॅक्टर आणला आणि इस्लामपुरात त्याला मागे जोडायचं बटाटे काढायचं यंत्र करून घेतलं. पुढे जमिनीत शिरणारं रुंद पातं, मागे गजांची थरथरणारी चाळण. माती खाली गळते, बटाटे मागे सांडतात. फोनवर मला म्हणाला होता, "आक्का, ये की बघायला. खेळण्यातला दिसतोय, पर काम लय करतोय." मी म्हटलं, येते रे दिवाळीत. दिवाळ्या आल्या, मीही आले, पण काढणी नेहमी माझ्या येण्याआधीच उरकलेली असायची. त्याचं ते यंत्र चालताना मी पहिल्यांदा पाहिलं ते यंदा, आणि त्यावर तो नव्हता.

मला तुमची काढणी आठवते. दसऱ्याच्या सुट्टीला मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून घरी आले आहे, पायात अजून शाळेचे पांढरे मोजे. तुम्ही नांगर धरून पुढे, मी फ्रॉकचा ओचा करून मागे. एकही बटाटा सुटू द्यायचा नाही असा मला जोर चढला आहे, गोटीएवढेही वेचते आहे. तुम्ही बैल थांबवता, मागे वळून बघता. "ए मडम, सगळंच न्हेणार व्हय? मागनं बायका येत्यात सरव्याला. त्यांनी काय ढेकळं न्यायाची?" आणि माझा ओचा धरून अर्धे बटाटे तुम्ही परत मातीत ओतता. मला रडू येतं. काढणीनंतर रानात राहिलेलं वेचायला वस्तीवरच्या बायका येतात, त्याला सरवा म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण तो मुद्दाम ठेवायचा असतो हे त्या दिवशी कळलं. शेवटच्या सरीला तुम्ही नांगर निम्मा उचलून धरलात. वरचे थोडे निघाले, खालचे तसेच राहिले. ती सरव्याची सरी. सुट्टी संपल्यावर मला पोचवायला आलात तेव्हा खांद्यावर बटाट्याचं पोतं होतं. मोठ्या सिस्टरांसमोर ते ठेवून तुम्ही टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकलात. बिचाऱ्या सिस्टर गोंधळल्या, मग त्यांनीही हात कपाळाला लावला. मी मैत्रिणींच्या मागे लपले होते. आज ते पोतं सारखं डोळ्यासमोर येतं.

यंत्र सरवा ठेवत नाही, आप्पा. ते सगळंच वर काढतं. म्हणून धाकट्याने त्यावर तोड काढली होती, ती मला भावजयीकडून कळली. यंत्राच्या बाजूच्या चाकाच्या दांडीला एकाखाली एक भोकं आहेत. पिन खालच्या भोकात घातली की पातं खोल जातं, वरच्या भोकात घातली की उथळ. शेवटच्या सरीला तो पिन वर घालायचा. तुम्ही नांगर उचलायचात ना, तसंच.

परवा आम्ही काढणी केली. भावजय महिनाभरात ट्रॅक्टर शिकली. डोईवरचा पदर कानामागे खोवून बसली आणि मला म्हणाली, "वन्सं, म्होरं हुबं ऱ्हाऊ नगा. मला अजून थांबवाया नीट येत न्हाई." बांधावर ती म्हातारी येऊन बसली होती, तुमच्या वेळी वस्तीवरची नवी सून म्हणून सरव्याला यायची ती. आता तिला नीट दिसत नाही, पण टोपलं आणलं होतं. पहिली सरी झाली आणि आम्ही मागे वळून पाहिलं, तर हाताला लागतील असे बटाटे जेमतेम, तेही बरेचसे कापलेले. अर्धे, उघडे पडलेले, पांढरे. भावजयीने ट्रॅक्टर बंद केला. खाली उतरली नाही. "ग्येलं," म्हणाली. "त्यांच्यासंगं त्यांचं पीक बी ग्येलं." तेवढ्यात म्हातारी बसल्या बसल्या पुढे सरकली, हाताने माती उकरायला लागली आणि ओरडली, "आवं पोरींनो, रडताय कशापायी? समदं खालीच हाय की. तुमचं यंत्र वरल्या वरनं चाललंय, वरातीतल्या घोड्यावानी." आम्ही पोरी! माझे गुडघे वाजतात आणि भावजयीला नातवंडं आहेत. पण हसू आलं खरं, श्रावणापासून पहिल्यांदा.

मग भावजय उतरली, यंत्रापाशी वाकली आणि तशीच बसून राहिली. पिन वरच्या भोकात होती. गेल्या साली शेवटची सरी काढताना त्याने ती वर घातली आणि यंत्र गोठ्यामागे नेऊन लावलं. खाली घालायची राहिली. त्यानंतर त्या पिनेला कुणाचाही हात लागला नव्हता. "तुमी काढा वन्सं," ती म्हणाली. "मला न्हाई व्हायाचं." मी हात घातला. गंजली होती, हलेना. तिने घरातून तेल आणलं, वातीसारखी धार सोडली, आणि शेवटी दोघींनी मिळून ओढली तेव्हा ती निघाली. भावजयीने ती पदराला पुसली. थोडा वेळ मुठीत धरली. मग खालच्या भोकात घातली. पुढच्या सरीपासून बटाटे असे सांडायला लागले की वेचायला माझे हात पुरेनात. लावले त्याने, आणि वेचले मी, पायात मोजे नसताना.

शेवटच्या सरीपाशी ट्रॅक्टर थांबला. पिन पुन्हा वर घालायची होती. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, आप्पा, तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने, म्हातारीला मोठ्याने सांगितलं की डिझेल संपलं. टाकी अर्धी भरलेली होती. भावजय चावी काढून खाली उतरली. ती सरी जमिनीत आहे तोवर त्याचं पीक निघायचं आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? माधवनगरला परत नेईन, एवढंच. पण राशीपाशी उभं राहून कुणाला काय द्यायचं याचा हुकूम तुम्ही सोडायचात, नंतर तो सोडायचा. आज दोघंही नाहीत, म्हणून मी इथे लिहिते. गोटीएवढे आणि डोळेवाले निवडून भावजयीने बियाण्याला ठेवावेत, तुकड्यात दुसरं काही लावू नये. मोठे, चांगले एक पोतं पाचगणीला सिस्टरांना, मीच पोचवीन. तिथे आता ओळखीचं कुणी नाही, तरी द्यायचे. पिशवीभर मला. कापलेले आज घरातच, भाजीला. यंत्राची पिन खालीच राहू दे. आणि शेवटची सरी म्हातारीची, सगळीच्या सगळी. फक्त तिला म्हणावं, इतक्यात येऊ नकोस.