विमलताईचा डबा

३ नोव्हेंबर
फुलसावंगीले पोस्टमास्तर म्हणून रुजू झालो. खोली झकास भेटली. घरमालकीण विमलताई एकटीच राहते, दोन टाइमचा डबाही तिचाच. आज आंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर होती, पोटभर जेवलो. कळंबच्या डॉक्टरनं बीपीची गोळी बदलून देली, तीही आजपासून सुरू केली. रोज सकाळी एक.

९ नोव्हेंबर
कोरडा खोकला लागला. विमलताईनं न मागता काढा धाडला. वास उग्र होता, मी हळूच मोरीत ओतला. सहा दिवसांच्या ओळखीत एवढी माया कायले?

१४ नोव्हेंबर
सकाळी आरशात पाहतो तं खालचा ओठ वड्यावानी सुजलेला. खाज नाही, अंगावर गांधी उठल्या नाही. रात्री तिचाच ठेचा खाल्लता. संध्याकाळी सूज उतरली. भेव वाटलं, खोटं कायले लिहू.

१६ नोव्हेंबर
आज तिच्या घरी जेवलो. ती पाणी आणाले गेली तसं ताट बदललं. माझं ताट तिनं चाटून पुसून खाल्लं, अन् तिले काहीच झालं नाही. म्हणजे विषावरचा उतारा आधीच घेतला असन. बाई पक्की आहे.

१८ नोव्हेंबर
ओठ पुन्हा सुजला, संग डोळेही. डबा बंद केला. आता बिस्किटं, केळी अन् गोळी.
विमलताई दारात येऊन विचारून राह्यली, नवीन औषध चालू केलं काय. तिच्या बहिणीचे, रुक्माबाईचे, बीपीच्या गोळीनं असेच ओठ सुजले होते म्हणे. मग जीभ सुजली, दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. डॉक्टरनं ती गोळी कायमची बंद केली. तुम्हीही थांबवा अन् आजच डॉक्टरले दाखवा, म्हणते.
माझ्या जिवाची एकच खात्रीची वस्तू, तीच बंद करा म्हणते. आतून कडी लावली.

२१ नोव्हेंबर, सकाळ
गोळी घेतली. जीभ जड— थुंकी गिळता येत नाही.
विमलताई दार ठोकून राह्यली. गाडी बोलावली म्हणते. रडून राह्यली— मास्तर, तीन दिवस झाले, माझ्या घरचा घास नाही तुमच्या पोटात, मग हे कशानं—
खरंच. कशानं—
आवाज निघत नाही. पायात जोर नाही. हे पान फाडून दाराखालून सरकवतो—
विमलताई, तुमचा डबा नव्हता. गोळी. डॉक्टरले सांगा गोळी— दार तोडा— मी चुकलो, मले