नऊ चेहऱ्यांचं मुखपृष्ठ

लातूर

प्रिय हुमा,

नांदेडहून तुझं पाकीट आलं. आपल्या गाण्याच्या मासिकाची दोन्ही नमुना मुखपृष्ठं, तुझं आणि माझं, शेजारी शेजारी ठेवली आणि मला माझंच हसू आलं. तुझं पान सगळं गडद निळं. खाली कोपऱ्यात तंबोरा घेतलेली एकटी बाई, वर बारीक पांढऱ्या अक्षरांत नाव. आणि मी? पिवळ्या पट्टीवर लाल ठसठशीत अक्षरं, खाली तीन ओळींत नऊ गायकांचे पासपोर्ट फोटो. इथल्या क्लासच्या जाहिराती पाहून पाहून डोळ्यांना तेच वळण लागलंय बघ. फक्त टक्के छापायचे राहिले.

घरी सांगितलं का, असं विचारलं होतंस. दिवाळीपासून मी क्लासला जात नाही, मेडिकल मला नको, तुमच्या प्रेसमध्ये येऊन पानं लावायचीत, हे आप्पांना कुठल्या तोंडानं सांगणार होते? भूकंपात महानंदाआत्या डॉक्टरची वाट बघत अंगणातच गेली. तेव्हापासून आपल्या घरात डॉक्टर हवा, हे त्यांनी धरून ठेवलंय. त्यांचा राग मला पेलवला असता, त्यांचं गप्प बसणं नसतं पेलवलं.

आणि गुरुवारी तेच दारात उभे. खोलीच्या मालकीणबाई, महादेवीकाकूंनी निलंग्याला फोन केला होता, पोरगी क्लासला जात नाही, धड जेवत नाही म्हणून. मी भिंतीला टेकून उभी. आप्पा खाटेवर बसले, टेबलावरचं माझं मुखपृष्ठ उचललं, चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. एकेका फोटोवर बोट ठेवत म्हणाले, "ह्यात तू कुठं हाईस गं? दिसंना मला." हुमा, ते मला निकालात शोधत होते. आधी मला हसू फुटलं, मग रडू, आणि त्या रडण्यातच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फोन आला अन् दुकान उघडं टाकून निघालो. बसमधी लई वंगाळ इचार आले. तू धड हाईस, बस झालं मला." इतके महिने मी त्यांना भीत होते आणि ते माझ्यासाठी भीत होते. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! नंतर त्यांनी तुझं निळं पान पाहिलं आणि एवढी जागा रिकामी का सोडली, कागद काय फुकट येतो का, असं विचारलं. मी समजावलं. पटलं मात्र नाही.

तर हे पत्र एवढ्याचसाठी: सोमवारी मी नांदेडला येतेय, कायमची. आप्पा स्वतः सोडायला येताहेत, तुझ्या अब्बांशी त्यांना बोलायचंय. छापायचं ते तुझंच मुखपृष्ठ, त्यावर वाद घालू नकोस. माझं आता माझ्याकडे नाहीही. आप्पांनी ते गुंडाळून नेलं आणि दुकानात त्यांच्या बसायच्या गादीमागं भिंतीवर चिकटवलं. अव्वा फोनवर सांगत होती, यातली तुमची पोरगी कोणती, असं गिऱ्हाइकं विचारतात, आणि आप्पा मान ताठ करून म्हणतात, "ह्यात न्हाई ती. हे तिनं केलंय."

तुझीच,
अक्षरा