दुसऱ्या वाळूतले हिरवे कण

आई,

विहिरीत चिकणमातीखाली पुन्हा वाळू लागली आहे. दुपारी मुकादम स्वतः उतरून खात्री करून आले. ही वरचीच वाळू आहे, मधे नुसता चिकणमातीचा पट्टा आला, खणत राहा, असं मी सांगून बसलो. परतल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही, कारण उद्या सकाळी खणायला खाली उतरणार आहे तो आपला धाकटा. तू गेल्यावर मी वाढवला तो.

तुला हे सारं नवं. मी आता सोलापुरात शाळेत शास्त्र शिकवतो, म्हणून सीनाकाठच्या वस्तीने मला नव्या विहिरीतली वाळू ओळखायला बोलावलं. तिथं जमिनीत वाळूचे दोन थर आहेत. वरचा कोरडा, खालच्यात पाणी. शेजारच्या विहिरीत खालचा थर फुटला तेव्हा पाण्याबरोबर कडा ढासळला आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला दोराने ओढून काढावं लागलं. म्हणून खालची वाळू लागली की आधी दगडी बांधकाम, मगच पुढचं खणणं. त्यात बरेच दिवस जातात, आणि वस्तीवर प्यायला पाणी नाही. खालच्या थराचा माथाही कोरडाच असतो, म्हणून डोळ्यांना दोन्ही थर सारखेच. फरक आहे तो जड कणांत. वाळू धुतली की तळाशी काळे कण राहतात. त्यावर लोहचुंबक फिरवला की लोखंडी कण उचलले जातात. वरच्या वाळूत मागे काचेसारखे हिरवट कण उरतात. खालची वाळू फार जुनी, तिच्यातले ते कण कधीच झिजून विरून गेले. पुस्तकात वाचलं होतं, शेजारच्या विहिरीच्या ढिगांवर पडताळूनही पाहिलं.

धुण्याची रीत मात्र तुझीच, अजून डोळ्यांपुढे आहे. सराफांच्या दुकानांतला केर आणून तू गटाराकाठी काठवटीत धुते आहेस, मी समोर उकिडवा बसलोय. मी काठवट हिसडतो आणि तुझी चापट मनगटावर बसते. "अरं, पानी फेकू नगंस, जाऊ दे त्याचं त्याला. सोनं गटारात घालतूस व्हय?"

बादलीतून वर आलेली वाळू आज तशीच सावकाश धुतली. धाकटा वाकून बघत होता. "दादा, आई सोनं काढायची आन् तू काळं काढतूस की! लई शिकलास." सगळे हसले. चुंबक फिरवल्यावर मागे हिरवे कण दिसले. थोडेच, पण होते.

"मास्तर, नक्की न्हवं?" मुकादमांनी विचारलं. "का पुन्यांदा धुताय?"

"नक्की," मी म्हणालो.

परतताना बैलगाडीत ध्यानात आलं. बादली वर येते ती कड्याला घासत येते, आणि त्या कड्याला वरची वाळू उघडी पडलेली आहे. ते कण तळातले, की वाटेत बादलीत पडलेले?

हा कागद घडी घालून खिशातच ठेवेन. उजाडताच विहिरीवर पोचायचं आहे. धाकट्याच्या हाती झाकणाचा डबा द्यायचा, तळ खरवडून आतली वाळू त्यात भरून आण म्हणायचं, पहार लावू द्यायची नाही. त्याआधी सगळ्यांदेखत सांगावं लागेल की कालचं माझं 'नक्की' कच्चं होतं. धास्ती धाकट्याच्या जिवाची आहेच. पण तिच्यात थोडी मुकादमांच्या हसण्याचीही आहे, हे तुझ्यापाशीच बोलतो. डब्यातल्या वाळूत हिरवा कण उरला नाही, तर उद्याच बांधकामाचे दगड आणायला गाड्या जातील.