प्रॉम्प्टरच्या वहीतली ओळ

मी, हेमराज सुकदेव बोरसे, वय ६८, निवृत्त शिक्षक, नाटके लिहिणारा, राहणार शिवकृपा सोसायटी, दुसरा मजला, उधना, सुरत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला कोणी देत नाही, आणि मागायला मी जाणारही नाही. परवा, गुरुवारी, माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. सकाळपासून चार वेळा गॅलरीत जाऊन आलो, दोनदा पंखा बंद केला, दोनदा लावला. हा चौथा मसुदा आहे. आधीचे तीन मीच फाडले, तिन्हींत एकाच जागी अडलो म्हणून. ती जागा कलम २ मध्ये येते.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. फाडलेले कागद कोणाला सापडल्यास ते केर समजावेत.

२. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, मी १९८९ साली महानगरपालिकेच्या मराठी शाळेतल्या पगारातून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. हे घर, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पश्चात श्री. ललित नटवरलाल रेशमवाला, वय ६६, राहणार याच घरात, यांच्या पूर्ण मालकीचे होईल. त्यांचे माझ्याशी नाते: __________

येथेच गाडी अडते. माझी जुनी विद्यार्थिनी आणि आता वकील असलेली सोनाली विचारते, "सर, नातं काय लिहू?" पहिल्या मसुद्यात 'मित्र' लिहिले. मित्र तर मला पुष्कळ आहेत, त्यांना मी साधी छत्रीही देत नाही. दुसऱ्यात 'भाडेकरू', तिसऱ्यात 'सहकारी'. २०१८ साली कायद्याने आम्हांला गुन्हेगार म्हणणे सोडले, पण या रकान्यात काय भरायचे ते सांगितले नाही. ललित म्हणतो, "घर दे, नातं नको लिहू. कोर्टात केदार वाचेल, सोसायटीवाळा वाचेल. मला शांतीथी राहू दे ने." केदार म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. गेल्या आठवड्यात त्याने फोनवर अगदी गोड आवाजात विचारले, "काका, तुम्हाला काही झालंच, तर ललितकाका त्यांच्या भावाकडे जातील ना?" त्या दिवसापासून मला झोप नाही. तेव्हा जागा सध्या रिकामी ठेवून पुढे जातो.

३. माझी नाटके अकरा. 'बारा नंबरचा साचा' हे पहिले, १९८१ चे, वडील ज्या कारखान्यात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत तिथल्या कामगारांवर. नंतर 'उधन्याचा पाहुणा', 'दोन उशांचे घर' वगैरे. ही सर्व आमच्या कलारंजन मंडळाने गणेशोत्सवात केली, तीन स्पर्धेला गेली, एकाला बक्षीस म्हणून भिंतीवरचे घड्याळ मिळाले, ते बंद आहे. या नाटकांतल्या नायिकांपैकी आठ जणी मुळात पुरुष होत्या, हे मी आज प्रथमच लिहून देतो. तालमीआधी वही मंडळाचे अध्यक्ष श्री. जयंतराव देव यांच्याकडे जायची. बँकेत अधिकारी, स्वभावाने शिस्तीचे. त्यांच्याकडे लाल-निळी पेन्सिल होती. लांबलेल्या संवादाला निळी, 'घरच्या मंडळींसमोर चालणार नाही' याला लाल. लाल रेघ आली की वामनची वनिता व्हायची. मीही निमूट करून द्यायचो. सुरतेत माझे मराठी नाटक दुसरे कोण करणार होते? अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि जयंतरावांनी हे वाचून रागावू नये, कारण हरी म्हणवून घेण्याचीही माझी लायकी नव्हती. त्या आठ जणांची मी येथे माफी मागतो.

४. या नाटकांच्या माझ्या हातच्या वह्या मंडळाच्या कपाटात, अडाजणला खजिनदारांच्या तळमजल्यावर होत्या. २००६ च्या पुरात त्यांचा लगदा झाला. उरल्या त्या फक्त ललितच्या वह्या. ललितचे घराणे जरीचे. १९८१ मध्ये, पहिल्याच नाटकाला, तो पोशाख घेऊन आला आणि विंगेत उभे राहायला कोणी तयार नव्हते म्हणून प्रॉम्प्टर झाला. त्याला देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून मी मराठीत सांगायचो आणि तो गुजराती लिपीत उतरवून घ्यायचा. उतरवायचा तो पहिल्याच खर्ड्यावरून, जयंतरावांची पेन्सिल फिरायच्या आधी. काटछाट झालेली पाने मागाहून त्याने त्याच वहीत जोडायची, असे ठरलेले होते.

५. सन १९९५, 'दोन उशांचे घर', तिसरा अंक. या एका नाटकात पुरुष पुरुषच राहिला होता, फक्त लाल रेघेने त्याचा भाडेकरू झाला होता. मोठा भाऊ नायकाला विचारतो, "हा तुझ्या घरात कोण?" नायकाचे काम करणारा रोहित येथे कोरा पडला. ललितने विंगेतून ओळ दिली आणि रोहितने ती ठणठणीत आवाजात म्हटली. ओळ होती खोडलेली. मांडवात चारशे माणसे, कोणी खोकले नाही. जयंतरावांनी स्वतः दोरी ओढून पडदा पाडला. पुढची सहा वर्षे मंडळाने माझे नाटक घेतले नाही, शाळेत माझ्या पाठीमागे चिडवायला टाळ्या वाजायच्या त्या वेगळ्या. ललित तेव्हा रडला होता. "पान चुकलं," एवढेच म्हणाला. एकोणतीस वर्षे तेच म्हणतो आहे.

त्या दिवशी माझी आई धुरपदाबाई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येऊन तिने चूल पेटवण्याआधी विचारले, "तो पोऱ्या बोलना ते खरं शे का, भाऊ?" मी मान हलवली. ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याले जेवाले बलाव. भाहेर कितला दिन उभा ठेवशी?" ललित जेवायला आला तो आजतागायत गेलेला नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिला आंघोळ त्यानेच घातली. केदारने हे कोर्टात वाचलेच, तर या ओळीवर थोडे थांबावे.

६. सर्व नाटकांचे हक्क ललितकडे, आणि त्याच्या पश्चात माझी विद्यार्थिनी मानसी हिच्याकडे. ललितने वह्या मोठ्याने वाचाव्यात, मानसीने देवनागरीत उतरवाव्यात. लाल रेघेच्या आधी जे होते तेच लिहावे. वामनला वामन म्हणावे. नाटक करणाऱ्याने प्रॉम्प्टरचे नाव जाहिरातीत माझ्या नावाच्या वर छापावे. हे मान्य नसेल त्याने दुसऱ्याचे नाटक करावे, सुरतेत हौशी लेखकांना तोटा नाही.

७. वडिलांचा लाकडी धोटा केदारला. कडोदऱ्याच्या त्याच्या कारखान्यात आता धोट्याचे साचे राहिले नाहीत, पण आजोबांच्या हाताने पडलेली झीज त्या लाकडावर अजून दिसते. बाकी त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

८. जयंतरावांची लाल-निळी पेन्सिल १९९५ च्या गोंधळात माझ्या खिशात राहिली. ती त्यांना परत द्यावी.

९. मी गेल्यावर शोकसभेत दोन मिनिटे स्तब्धता पाळू नये. स्तब्धता मला एकदा पुरेशी मिळाली आहे.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. सोनाली पवार यांनी करावी.

हस्तलिखित टीप: साक्षीला जयंतरावांना मीच बोलावले. मंडळाच्या जुन्या कारभाऱ्यांपैकी हयात तेवढेच, आणि त्यांच्या सहीवर शंका घेणारा सुरतेत कोणी नाही. ८४ व्या वर्षी दोन जिने चढून आले, दम लागला होता, पाणी प्याले. त्यांना, सोनालीला आणि शेजारच्या शोभाबाईंना मी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. पहिल्या वाचनाला कलम २ शी आलो आणि रिकाम्या जागेवर पुन्हा थांबलो. तेव्हा स्वयंपाकघराच्या पडद्यामागून, तोच विंगेतला अर्धा आवाज, आला:

"हा माझा घरचा माणूस आहे. त्याच्याशिवाय या घराला घर म्हणू नका."

ओळ माझी, १९९५ ची, खोडलेली, आणि मीच विसरलो होतो. पडदा सारून पाहिले तर ललित पापडीच्या शेंगा सोलत बसला होता. समोर वही नव्हती, पान नव्हते, चुकायला काहीच नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही आता. ते वेळे पण मी जोईने बोललो होतो." म्हणजे बघून, समजून. एकोणतीस वर्षे मी ज्याला चूक समजलो ती चूक नव्हती.

सोनालीने जयंतरावांकडे पाहिले. त्यांनी पेल्यातले उरलेले पाणी संपवले. मग म्हणाले, "लिहा, बोरसे. आणि या वेळी कोणी खोडू नका."

तेव्हा कलम २ मधील रिकामी जागा 'घरचा माणूस' या शब्दांनी मी हाताने भरली असून शेजारी लहान सही केली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये असा सोनालीचा सल्ला असल्याने कलम ८ रद्द. पेन्सिल आजच, हयातीत, हातात दिली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि सही माझ्या पेनाने केली.

ठिकाण: उधना, सुरत
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

लिहून ठेवणार: हेमराज सुकदेव बोरसे (सही)

आमच्या समक्ष वाचले, आमच्या समक्ष सही झाली:
साक्षीदार १: जयंत नारायण देव (सही)
साक्षीदार २: शोभाबाई दगडू चव्हाण, शेजारी (सही)

कायद्याला गरज नाही असे सोनाली म्हणते. मला आहे, म्हणून:
प्रॉम्प्टर: ललित नटवरलाल रेशमवाला (सही, गुजराती लिपीत)