कॉम्प्युटर बोलेनासा झाला

१० जुलै २०००, सोमवार
सकाळी हे कॉम्प्युटरपुढं बसले अन् हाक मारली, "उषा, बोलत न्हाई गं."
पडद्यावर अक्षरं दिसतात. बटण दाबलं की उमटतात. आवाज तेवढा गेला. पण आवाज गेला म्हणजे यांच्यासाठी सगळंच गेलं. भूकंपात घराचं माळवद अंगावर आलं तेव्हापासून यांना दिसत नाही. हे डबडं वाचून दाखवतं म्हणून क्लासच्या पोरांसाठी फिजिक्सचे प्रश्न काढता येतात. जुनं ३८६ आहे, मुंबईच्या कुठल्याशा हापिसानं टाकून दिलेलं. ते मिळावं म्हणून मी किती दारं वाजवली ते माझं मला माहीत.
काल संध्याकाळी कदम सर येऊन गेले. क्लास त्यांचा. केमिस्ट्री ते शिकवतात, फिजिक्स यांचं. काल तर चांगलं बोलत होतं.

११ जुलै
स्पीकर काढून टेपरेकॉर्डरला लावले. खणखणीत. म्हणजे स्पीकर चांगले. हेडफोन लावला, त्यातही काही नाही. हे म्हणाले, तार बदल. बदलली. मग म्हणाले, पिना घासून बघ. शाळेतलं खोडरबर आणून घासल्या. शून्य.
एसटीडीवरून कदम सरांना कळवलं. "टेन्शन घेऊ नका वहिनी. तोवर प्रश्न मी कुणाकडून तरी करून घेतो."
इतक्या पटकन? कुणाकडून तरी म्हणजे कुणाकडून?

१३ जुलै
शाळेतून आले तर बोलून राहिलं! तोच नाकातला इंग्रजी आवाज.
"काय केलं हो?"
"काही न्हाई. आपोआप."
आनंद झाला. पण आपोआप आलेलं आपोआप जाणार, ही धाकधूक.

१७ जुलै, सोमवार
गेलाच. काल संध्याकाळी क. सर येऊन गेले, आज मुका. मागच्या रविवारी पण असंच. मी चहा करायला आत गेले होते. खोलीत दोघं होते. पण यांना दिसत नाही, म्हणजे कॉम्प्युटरपाशी क. सर एकटेच म्हणायचे.
वाईट विचार करू नये. पण

१९ जुलै
शाळेत शिरसाट बाईंनी सांगितलं. त्यांची पुतणी क्लासला आहे. हैदराबादहून फिजिक्सचे नवे सर आलेत म्हणे. लई भारी शिकवतात म्हणे. ट्यूशन एरियातल्या बोर्डावर नाव पण रंगवून झालं.
आता कळलं, कुणाकडून तरी म्हणजे कुणाकडून.
घरी येऊन यांना सांगितलं. "असंल," म्हणाले. नुसतं असंल? रागवा की जरा! दोन बाकांवर चार पोरं होती तेव्हापासून यांनी तो क्लास उभा केला. भूकंपानंतर वर्गात जाणं सुटलं, पण प्रश्न यांचेच. पोरं मेडिकलला लागली की पेढे कदम वाटतात.

२० जुलै
आज परत बोलतोय. काही केलं नाही. मला हे आपोआप पटत नाही.

२१ जुलै, शुक्र.
क. सर आले. चहा ठेवलाच नाही. मी समोर बसून राहिले, त्यांच्या हातांवर नजर ठेवून. कागद मांडीवर, हात कागदावर. कॉम्प्युटरकडं फिरकले पण नाहीत. जाताना म्हणाले, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

२२ जुलै
सकाळी मुका.
कसं शक्य आहे? मागच्या दाराची कडी ढिली आहे, ती बदलून घेतली. घरमालकीणबाई हसल्या, तुमच्याकडं चोरायला हाय काय म्हणून. त्यांना काय सांगू.
उद्या कार्ड घेऊन नांदेडला जाणार. आवाजाचं कार्ड वेगळं असतं, एका स्क्रूवर निघतं. हे म्हणाले, "कशाला जाती एवढ्या लांब? इथंच दाखव कुणाला." लातुरात सगळे कदमांच्या ओळखीचे. मी पिशवी भरायला घेतली.

२३ जुलै, रविवार
पहाटेची एसटी. कार्ड रुमालात गुंडाळून पोळीच्या डब्यात. लोह्याच्या पुढं रस्ता म्हणजे नुसते खड्डे, डबा मांडीवर धरून बसले.
रशीदभाई माझ्या भावाचे मुदखेडच्या शाळेतले दोस्त. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर पण. कार्ड त्यांच्या मशीनमध्ये बसवलं. मुकं. मग चष्मा वर करून बारकाईनं बघितलं अन् म्हणाले, "आपा, कार्डाला बिमारी न्हाई. ही काळी टोपी बघा."
कार्डावर बारीक सुया असतात, दोन सुयांवर उडदाएवढी टोपी बसते. ती चुकीच्या सुयांवर होती. मग कॉम्प्युटरला कार्ड सापडतच नाही. त्यांनी चिमट्यानं सरकवली, लगेच आवाज.
"धक्क्यानं सरकली असेल?"
"हलून निघून पडंल आपा. पण दुसऱ्या सुयांवर जाऊन नीट बसणार न्हाई. हे कुणीतरी बोटानं केलंय. घरात जाणकार कोण हाय?"
कार्ड परत रुमालात गुंडाळलं. भाऊ नांदेडातच असतो, त्याला न भेटताच परत फिरले.

२४ जुलै, सोमवार
सकाळीच कार्ड बसवलं. यांनी सुरू केलं, अन् मागं थांबलेल्या प्रश्नापासून ते वाचायला लागलं. इंग्रजीत. इमारतीच्या छतावरून एक दगड खाली सोडला तर जमिनीवर यायला किती वेळ लागेल. मी टाळ्या वाजवल्या. यांनी हात बटणांवरून काढून घेतले. "बंद कर आता," म्हणाले.
शाळा सुटल्यावर सरळ क्लासवर. कदम जिन्यातच भेटले. पोरं वरखाली करत होती, तरी मी बोललेच. आमचं यंत्र बिघडवता, घरात शिरून, आंधळ्या माणसाच्या
त्यांनी मला बाजूला घेतलं.
"वहिनी, मला त्या डब्याचं झाकण पण उघडता येत नाही. नवा माणूस बघा हे मला सरच सांगून राहिलेत, परीक्षा झाल्यापासून. मीच नको म्हणत होतो. तुम्हाला माहीत नाही?"
खोटं. साफ खोटं. स्वतःचं पाप यांच्या माथी मारतो.
घरी आल्यावर यांना विचारलं नाही. का विचारलं नाही?

२५ जुलै
शाळेत पाण्याचा टँकर आला नाही, शाळा दुपारीच सोडून दिली.
दार लोटलेलं होतं. रेडिओ मोठ्यानं चालू. कॉम्प्युटरचं झाकण निघून कॉटवर ठेवलेलं. हे खाली मांडी घालून, कार्ड मांडीवर. बोटं त्या सुयांवरून अशी फिरत होती, जशी पूर्वी रेडिओचे सेट जोडताना फिरायची. टोपी ओठांत धरलेली. मग बसवली, चाचपून बघितली, कार्ड परत जागेवर. स्क्रू आवळला. इतक्या सावकाश, इतकं नीट.
मी आल्या पावली अंगणात गेले. थोड्या वेळानं चपला वाजवत परत आले.
"आली का गं? परत बंद पडला बघ."
"हो का," मी म्हणाले.

२६ जुलै
कदम सरांची माफी मागायला हवी.
सगळे तसे प्रसंग आठवून राहिले. तार बदल म्हणाले, पिना घास म्हणाले. फिजिक्सचा माणूस, त्यांना कार्ड सुचत नव्हतं होय? नांदेडला जाऊ नको म्हणाले. अन् मी कड्या बदलत बसले.
का पण? थकले म्हणून? दिवसभर ते यंत्र कानाशी. दगड पडतो, गोळा पडतो, वस्तू अमुक उंचीवरून पडते. भूकंपाच्या पहाटे सासूबाईंना काढायला हे हातानं दगड उपसत होते, वरून आणखी पडत होते. मी मुंबईला चकरा मारून ते आणलं अन् सगळ्यांना सांगत फिरले, आमचे हे परत उभे राहिले. मला कसे सांगणार, नको म्हणून?
की हा पण माझाच संशय? दुसरंच काही असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारवत नाही.

२७ जुलै
कदम सरांकडं गेले. त्यांनी बोलूच दिलं नाही, पाण्याचा ग्लास पुढं केला. "वहिनी, सरांचं नाव बोर्डावरून काढणार नाही. फक्त शनिवारपर्यंत काय ते सांगा. प्रश्नांचा पुढचा सेट कुणाला देऊ?"

२८ जुलै, शुक्र.
जेवणं झाली. यांनी हात धुतले, पुसले, तिथंच बसले.
"रशीदभाई काय म्हणाले, ते सांगितलंच न्हाई तू. दोष कशात होता?"
"त्यांना पण सापडला नाही," मी म्हणाले. "जुनं झालं म्हणाले, असं होतं कधी कधी."
यांनी पुसायचं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "उषा, खोटं बोलताना तू भांडी आवरायला लागतीस."
पातेलं माझ्या हातातच होतं. खाली ठेवलं तर वाजलं असतं, म्हणून तशीच उभी राहिले.