निपाणीहून आलेली कार्डं

मारतहळ्ळी, बंगळूर
६ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी स्वानंदीला एडीएचडी आहे असं सांगितलं त्याला वर्ष झालं. वाचनातही ती मागे आहे. औषध, थेरपी, भिंतीवर वेळापत्रकं, सगळं चालू आहे. तरी दहा ओळींच्या गृहपाठाला तीन तास लागतात. वर्षभरात पाण्याच्या सात बाटल्या हरवल्या. शाळेतून फोन आला की मी आधीच माफी मागून टाकते. निहार कामासाठी चेन्नईला. शनिवारी उगवतो आणि मुलगी किती गोड आहे म्हणतो. शेजारच्या रंजिताअक्का म्हणतात, स्वल्प कडक व्हा. झाले. मंगळवारी मी तिला मारलं. ती रडली नाही. मुद्दाम करत नाही, एवढंच म्हणाली. बाबा, मी थकले आहे.

तिला वर्षभर साताऱ्याला ठेवून घ्याल? जन्मभर लोकांच्या मुलांना वळण लावलंत, नातीलाही लावाल. चोवीस मेचं यशवंतपूरहून तिकीट काढलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

दमलेल्या लेकीवरचा लोभ तेवढा कमी करू नका.

तुमची,
मुग्धा


सातारा
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर इतकं बारीक की भिंग शोधण्यात सकाळ गेली.

नातीला मी ठेवून घेणार नाही. ऐंशीला टेकलो हे त्याचं कारण नव्हे.

रविकिरण नऊ वर्षांचा होता तेव्हा तू जेमतेम तीनची. तोही असाच. वर्गात बूड टेकायचा नाही, दप्तर कुठेतरी टाकून गाव पालथं घालायचा. मास्तरांचा मुलगा आणि असा, याची मला लाज वाटायची. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी त्याला वळण लावायला निपाणीला थोरल्या भाऊंकडे पाठवलं. दर आठवड्याला त्याचं कार्ड यायचं, की मी आता शहाण्यासारखा वागतो, मला घेऊन जा. मी ती कार्डं शाळेत सगळ्यांना दाखवायचो, पोरगा सुधारतोय म्हणून. उत्तर एकालाही दिलं नाही. लाडावेल असं वाटायचं. दोन वर्षांनी परत आणला तेव्हा तो गप्प झाला होता. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुझ्या आईने मात्र जाईपर्यंत मला माफ केलं नाही.

तुझा दादा आता मल्लेश्वरमला, तुझ्याच गावात. दिवाळीला येतो, पाया पडतो, माझी औषधं भरून ठेवतो. पण निपाणीनंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

पोरीला पाठवू नकोस. जूनमध्ये मीच येतो. संध्याकाळी तिच्याजवळ मी बसेन, तू जरा आडवी हो. तिने कितीही आरडाओरडा केला तरी मला ऐकू येणार नाही, ही माझी पात्रता समज.

जपून राहा. मारू नकोस.

तुझा,
बाबा


मारतहळ्ळी
२७ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकीट रद्द केलं. थकवा काही गेलेला नाही. आज नुसते बूट घालण्यात पाऊण तास गेला. पण तुम्ही येणार म्हटल्यावर जून दिसायला लागलाय.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. सकाळी दादाला बोलावून तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं. तो वाचत असताना स्वानंदी त्याच्या खुर्चीमागे उड्या मारत होती. मी ओरडले, तर राहू दे म्हणाला. वाचून झाल्यावर किती तरी वेळ तो त्या कागदाची घडी घालत राहिला. मग तिला घेऊन गच्चीवर कबुतरं बघायला गेला. आठवी बाटली तिथेच राहिली.

निघताना दारात थांबून त्याने विचारलं, ती कार्डं बाबांनी ठेवली आहेत का. असतील तर जूनमध्ये बरोबर आणा. त्यातल्या एकाला तरी उत्तर लिहून आणायला सांगितलंय त्याने. उशीर झाला असला तरी चालेल म्हणाला.

आम्ही सगळेच वाट पाहतोय. लोभ असू द्या.

तुमची,
मुग्धा